पंचवीस सेंट

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला एचआरची मेल आली. शुक्रवारी पावणेसातला येणाऱ्या मेलमध्ये आनंदाची बातमी नसते, हे आयटीत दोन वर्षं काढलेल्या कोणालाही ठाऊक असेल. सोबत एक एक्सेल. आमच्याकडे दरवर्षी लातूर, नांदेड, अकोला, सांगली अशा ठिकाणच्या कॉलेजांतून पन्नास-साठ फ्रेशर्स येतात. पहिले सहा महिने कंपनी त्यांना हिंजवडीजवळच्या फ्लॅट्समध्ये ठेवते. भाडं कंपनीचं. मेसचे निम्मे पैसे कंपनीचे, निम्मे पोरांच्या पगारातून. आता प्रस्ताव असा की मेसचे सगळेच पैसे पोरांच्या पगारातून कापायचे. माणशी महिन्याला चौदाशे रुपये वाचतात. शेवटच्या कॉलममध्ये वर्षाची एकूण बचत, हिरव्या रंगात. त्याखाली माझं नाव आणि 'सोमवारपर्यंत अप्रूव्हल अपेक्षित'.

खरं सांगतो, मी अप्रूव्ह करणारच होतो. चौदाशे रुपयांनी कोण मरतंय? शनिवारी मॉलमध्ये आमच्या घरचे चौघं यापेक्षा जास्त पैशांचं खातात. बटणावर माऊस नेला आणि डोक्यात कुठूनतरी 'पंचवीस सेंट' आलं. लॅपटॉप बंद केला आणि घरी आलो. आता शनिवारची रात्र आहे, बायको-पोरं झोपलीत, आणि मी हे लिहीत बसलोय.

पंचवीस सेंटची गोष्ट सांगायची तर आधी २००६ सालात जावं लागेल आणि तिथून १८३६ मध्ये.

२००६ च्या फेब्रुवारीत मी मॅसॅच्युसेट्समध्ये ऑनसाइट होतो. पहिलंच ऑनसाइट. दोन बेडरूमच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही पाच जण, एक राइस कुकर, आणि पर डीएममधून किती वाचले याचा रोजचा हिशोब. गाडी कोणाकडेच नव्हती. शनिवारी करायचं काय? मॉल दोनदा बघून झाला होता. म्हणून एका शनिवारी मी एकटाच लोवेल नावाच्या गावी गेलो. बॉस्टनच्या वायव्येला, ट्रेनने पाऊण तास. अपेक्षा काहीच नव्हती. गोठलेले कालवे, त्यांच्या काठाने लाल विटांच्या पाच-पाच मजली गिरण्या, एका गिरणीच्या डोक्यावर घड्याळाचा मनोरा. मी लालबागमध्ये वाढलोय. पोटात एकदम कसंतरी झालं. बाहेर बर्फ होतं म्हणून काय झालं, गिरणी कुठेही ओळखू येते.

आत म्युझियम आहे. तळमजल्यावर ऐंशीच्या वर माग एका ओळीत मांडलेत आणि त्यातले काही खरोखर चालवून दाखवतात. दारात कानात घालायला बोळे देतात. ते घालूनही छातीत धडधड जाणवते. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. घरी ते कायम ओरडूनच बोलायचे आणि आम्हाला वाटायचं स्वभाव तापट आहे. त्या दिवशी कळलं, माणूस तापट नव्हता, बहिरा होता.

पण मला सांगायचंय ते शेजारच्या इमारतीबद्दल. तिथे गिरणीतल्या मुलींचं बोर्डिंग हाऊस जसंच्या तसं मांडून ठेवलंय. स्वयंपाकघर, एक लांबलचक टेबल, त्यावर ताटल्या लावलेल्या. वर झोपायच्या खोल्या. एका खोलीत चार ते सहा मुली, एका पलंगावर दोघी. अशा एका घरात वीस, तीस, कधी चाळीस मुली जेवायच्या. त्यांना वाढणारी बाई बहुतेक वेळा विधवा असायची.

ही तर आपली खाणावळ!

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, पंचवीस माणसं, दोन पाळ्यांत पंगती. संगमेश्वर-देवरुखकडचे एकटे पुरुष, बायका-मुलं गावाला. गिरण्यांनी पुरुष घेतले म्हणून मुंबईत खाणावळी झाल्या. लोवेलने मुली घेतल्या म्हणून तिथे बोर्डिंग हाऊस झाली. मी कॉलिंग कार्डवरून त्याच रात्री आजीला फोन केला आणि मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले.

"माणशी किती घ्यायच्या रे त्या?"

म्हटलं, आठवड्याला सव्वा डॉलर. आणि दर कंपनीने ठरवून दिलेला.

"आणि खोली कोणाची?"

खोली कंपनीची.

"मग ती खाणावळवाली कुठली? ती गिरणीचीच नोकर की."

मी जरा हिरमुसलोच. पण नंतर कित्येक वर्षं या विषयावर जे जे हाताला लागलं ते वाचत गेलो आणि दर वेळी आजीचा तो दुसरा प्रश्नच कामाला आला. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गिरणीगावांमध्ये फरक काय, तर खोली कोणाची आणि ती तशी का. आणि 'का' विचारलं की उत्तर बऱ्याचदा नदीत सापडतं.

सुरुवात ऱ्होड आयलंडमधून करू. सॅम्युएल स्लेटर हा इंग्रज. बेलपरला जेडेडाया स्ट्रट याच्या सूतगिरणीत उमेदवारी केलेला. गिरणीच्या कारागिरांनी देश सोडायला इंग्लंडमध्ये बंदी होती, त्यामुळे १७८९ मध्ये हा शेतकरी असल्याचं भासवून अमेरिकेला निसटला. यंत्रांचे नकाशे डोक्यात. (सोर्स कोड पेन ड्राइव्हवर न घेता पाठ करून नोकरी बदलणं म्हणतात ते हे!) पॉटकेट गावी मोझेस ब्राउन नावाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर त्याने १७९० मध्ये सूत काढायला सुरुवात केली आणि १७९३ मध्ये स्वतंत्र गिरणी उभी राहिली. त्याचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची नऊ मुलं.

ब्लॅकस्टोन ही तिथली नदी लहानशी. वूस्टरपासून पॉटकेटपर्यंत सुमारे ४५ मैलांत ती ४३० फुटांहून जास्त उतरते, पण एका जागी नाही. जागोजागी थोडी थोडी, जिने उतरल्यासारखी. मग प्रत्येक पायरीवर एक छोटा बंधारा आणि एक छोटी गिरणी. भांडवल कमी, त्यामुळे मालक एखादं कुटुंब किंवा दोघं-तिघं भागीदार. कामगारही कुटुंबच. जाहिराती देऊन भरपूर मुलं असलेली कुटुंबं बोलावायची. मुलं गिरणीत, बाप मालकाच्या शेतावर किंवा बांधकामावर, आई घरी. पगार बापाच्या खात्यावर आणि बराचसा तो मालकाच्याच दुकानातल्या पिठा-मिठात वळता. घर मालकाचं, दुकान मालकाचं, आणि घरातले सगळेच एका मालकाकडे. एकाने तोंड उघडलं तर पाच जणांचा पगार जाणार. बोलणार कोण?

एक गंमत म्हणजे पॉटकेट गाव मात्र याला अपवाद होतं. तिथे गिरणीच्या आधीपासून लोहार, सुतार, जहाजाचे कारागीर, दुकानदार अशी स्वतःच्या घरात राहणारी वस्ती होती. १८२४ मध्ये तिथल्या गिरणीवाल्यांनी मागावरच्या बायकांचा दर २५ टक्क्यांनी कापायचा आणि कामाचा दिवस तासाने लांबवायचा ठरवलं, तेव्हा शंभरेक बायका बाहेर पडल्या. अमेरिकेतला गिरण्यांमधला पहिला संप तो. आणि गाव त्यांच्या बाजूने उभं राहिलं. गाव मालकाचं नव्हतं ना!

आता मॅसॅच्युसेट्स. तिथली मेरिमॅक म्हणजे मोठी, पाण्याने भरलेली नदी, आणि जिथे आज लोवेल आहे तिथे ती एका टप्प्यातच ३२ फूट खाली येते. (त्या धबधब्याचं नावही पॉटकेटच. दोन वेगवेगळ्या राज्यांत एकच नाव, नेमस्पेसचा पत्ता नाही. मी सुरुवातीला सहा महिने दोन्हींची गल्लत करत होतो.) एवढं पाणी धरायचं तर धरण हवं, कालवे हवेत, म्हणजे प्रचंड पैसा. तो एका कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हता. तो आला बॉस्टनच्या जहाजवाल्या व्यापाऱ्यांकडून, ज्यांचा समुद्रावरचा धंदा १८०७ नंतरच्या व्यापारबंदीत आणि १८१२ च्या युद्धात अडकून पडला होता.

त्यातला मुख्य माणूस फ्रान्सिस कॅबट लोवेल. हा हिंदुस्थानी कापडाचा व्यापारी. बॉस्टनच्या 'इंडिया व्हार्फ' या धक्क्याच्या उभारणीत त्याचा हात होता. त्या काळी बंगालचं जाडंभरडं सुती कापड जहाजं भरभरून बॉस्टन-सेलमला जायचं आणि स्वस्त विकलं जायचं. लोवेल १८१० मध्ये इंग्लंडला गेला, गिरण्यांमधून पाहुणा म्हणून हिंडला, यंत्रमाग डोक्यात साठवून परत आला आणि पॉल मूडी नावाच्या कारागिराबरोबर वॉल्टमला तो माग बांधला. कापूस एका दाराने आत आणि कापड दुसऱ्या दाराने बाहेर, सगळं एका छताखाली. त्या मागावर विणायला त्याने निवडलं ते जाडंभरडं साधं कापडच. ज्याची बाजारपेठ त्याला आतून-बाहेरून माहीत होती तेच, आपलं.

आणि मग १८१६ चा आयात कर. कर २५ टक्के, पण एक मेख अशी की वारभर कापडाची किंमत २५ सेंटपेक्षा कमी असली तरी ती २५ सेंट धरूनच कर लावायचा. प्रोग्रामर मंडळींसाठी सांगायचं तर मॅक्स(किंमत, २५). इंग्लंडच्या तलम कापडाला याने फरक पडला नाही. बंगालचं कापड पंचवीस सेंटच्या खूप खाली विकलं जायचं, त्याचा हिशोबच कोलमडला. यासाठी वॉशिंग्टनमध्ये जाऊन लोकांची मनं वळवणारा हाच लोवेल. अख्ख्या कायद्यात एका फंक्शनची भर घालायची आणि स्पर्धक बाद करायचा. माणूस हुशार होता यात वाद नाही. १८१७ मध्ये तो वारला. त्याच्या नावाचं गाव त्याने पाहिलंच नाही. वॉल्टमच्या चार्ल्स नदीचं पाणी पुरेना म्हणून भागीदार मेरिमॅककडे सरकले, १८२३ मध्ये पहिली गिरणी सुरू झाली आणि १८४० पर्यंत त्या शेताडीचं वीस हजारांवर वस्तीचं शहर झालं.

एवढ्या गिरण्यांना माणसं आणायची कुठून? ऱ्होड आयलंडसारखी मुलाबाळांसकट कुटुंबं बॉस्टनवाल्यांना नको होती. इंग्लंडमधल्या मँचेस्टरची बकाली त्यांनी ऐकली-पाहिली होती आणि ती आपल्याकडे नको असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉन्ट, मेनच्या शेतकऱ्यांच्या बिनलग्नाच्या मुली आणल्या. दोन-चार वर्षं काम करायचं, पैसे साठवायचे, भावाच्या शिक्षणाला किंवा बापाच्या कर्जाला पाठवायचे, परत जायचं. (ओळखीचं वाटतंय का?) पगार रोख, मुलीच्या स्वतःच्या हातात. ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. जेवण-राहणं वजा जाता आठवड्याला दोन डॉलरच्या आसपास उरायचे. आठवड्याला ७३ तास काम, पहाटे घंटा, जेवायला अर्धा-पाऊण तास, त्यात घरी धावत जायचं आणि धावत यायचं. रात्री दहाला बोर्डिंगचं दार बंद. रविवारी चर्च.

आणि बापांनी मुलींना पाठवलं ते या बोर्डिंग हाऊसच्या भरवशावर. तिथे एक पोक्त बाई आहे, तिची नजर आहे. कंपनीच्या दृष्टीनेही ती बाई म्हणजे जेवण, राहणं आणि पहारा असं तिहेरी काम. दर मात्र कंपनीने बांधलेला. पिठा-लोण्याचे भाव चढले तरी तेवढ्यातच भागवायचं.

१८३६ च्या सुमारास भाव चांगलेच चढले. त्या ऑक्टोबरमध्ये कंपन्यांनी मुलींच्या जेवणाचा बोजा मुलींवरच टाकायचं ठरवलं. हॅरिएट हॅन्सन नावाच्या मुलीने पुढे म्हातारपणी, १८९८ मध्ये, 'लूम अँड स्पिंडल' नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात ती सांगते की तोवर दर मुलीमागे आठवड्याला पंचवीस सेंट कंपनी बोर्डिंगवालीला देत असे. ते आता मुलींनी भरायचे.

पंचवीस सेंट. मेसचे निम्मे पैसे. आलं लक्षात, शुक्रवारी माझा हात का थांबला?

हॅरिएट तेव्हा अकरा वर्षांची. सगळ्याच कामगार मोठ्या मुली नव्हत्या. भरलेले बॉबिन काढून रिकामे चढवायला अशा लहान पोरीही असत. संपाच्या दिवशी वरच्या मजल्यांवरच्या मुली बाहेर पडल्या आणि तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली 'जाऊ की नको' करत घुटमळत राहिल्या. शेवटी ही पोर चिडली, कोणी येवो न येवो मी चालले म्हणाली, आणि निघाली. मागे वळून बघते तर अख्खी रांग तिच्यामागे. सगळ्या शहरातून मिळून दीड-दोन हजार मुली बाहेर पडल्या होत्या.

पण मला छळणारा भाग पुढचा आहे. हॅरिएटची आई विधवा. कंपनीच्या अशाच एका घरात बोर्डिंग चालवायची. चार मुलं पदरात. संपानंतर कंपनीच्या माणसाने तिला घर सोडायला लावलं. कारण काय, तर मोठ्या मुलींना तू अडवू शकली नाहीस हे समजू शकतो, पण स्वतःची अकरा वर्षांची पोर तर तुझ्या हातात होती!

हे वाचलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि आजी आजारी होती. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी सांगितलं नव्हतं? नोकरच ती."

मुलींनी तरी पुढे काय केलं? काही परत कामावर गेल्या. पण बऱ्याच सरळ गावी निघून गेल्या, बापाच्या शेतावर. हॅरिएटच्या मते संपातून फारसं काही पदरात पडलं नाही. तरीही त्यांना पाठ फिरवून जायला एक घर तरी होतं, जे कंपनीचं नव्हतं. ब्लॅकस्टोनच्या काठावरच्या पाच मुलांच्या कुटुंबाला तेही नव्हतं. ते घरदार मोडूनच आलेले. तिकडे दक्षिणेला फिलाडेल्फियाचा तिसराच प्रकार. तिथल्या केन्सिंग्टन भागात आयरिश विणकर आपापल्या घरात किंवा छोट्या शेडमध्ये हातमाग लावून बसायचे. सूत व्यापाऱ्याचं, पण माग आणि छप्पर बरेचदा त्यांचं. दरावरून त्यांचे व्यापाऱ्यांशी सतत खटके उडायचे. स्वतःच्या ओट्यावर बसून भांडणाऱ्या माणसाला घराबाहेर कोण काढणार?

आणि या सगळ्याच्या खाली जे होतं ते इथे सोडून दिलं तर लबाडी होईल. लोवेलचा कापूस गुलामांनी वेचलेला होता. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांमधून निघणारं काही जाडंभरडं कापड उलट दक्षिणेला गुलामांच्याच अंगावर घालायला जायचं, इतकं की तिकडे त्या कापडालाच 'लोवेल' म्हणत. मुलींच्या हातात पडणाऱ्या रोख दोन डॉलरची पहिली ओळ तिकडे लिहिली जात होती, जिथे पगार नावाची गोष्टच नव्हती. ज्यांना त्या काळी याची टोचणी लागली अशा मुलीही होत्या. गुलामगिरीविरोधी अर्जांवर त्यांनी सह्या केल्यात.

चाळीसच्या दशकात सारा बॅगलीसारख्या बायकांनी दहा तासांच्या दिवसासाठी अर्जांचे गठ्ठे विधिमंडळात नेले, समितीपुढे साक्षी दिल्या. समितीने सहानुभूती दाखवली आणि हात वर केले. (कमिटीचा हा गुण सार्वत्रिक असावा.) मॅसॅच्युसेट्समध्ये बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ उजाडलं. तोवर त्या गावच्या मुली केव्हाच निघून गेल्या होत्या. त्यांच्या जागी दुष्काळातून पळून आलेले आयरिश, मग कॅनडातले फ्रेंच, कुटुंबंच्या कुटुंबं, मुलाबाळांसकट. म्हणजे ज्या ऱ्होड आयलंडच्या पद्धतीला नाकं मुरडली, तिथेच लोवेल तीस-चाळीस वर्षांत येऊन पोचलं. बोर्डिंग हाऊसची आता गरज नव्हती. बापांना धीर द्यायचा नव्हता ना कोणाच्या.

मग १८६१ चं यादवी युद्ध. दक्षिणेचा कापूस थांबला. लोवेलच्या मोठमोठ्या गिरण्यांनी लढाई चार दिवसांची समजून साठवलेला कापूस चढ्या भावात विकून टाकला आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. आणि नेमका तोच चढा भाव इकडे मुंबईत पैशाचा पूर घेऊन आला. प्रेमचंद रायचंद, शेअर मॅनिया, बॅकबे, १८६५ मधला तो कडेलोट, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला मात्र हे माहीत नव्हतं की त्या पुराच्या दुसऱ्या टोकाला लोवेलच्या रिकाम्या खोल्या होत्या. मुंबईत गिरण्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या, कावसजी दावरांची १८५४ ची, पण गिरणगाव म्हणावं असं जे झालं ते पुढच्या दशकांत.

आणि गिरणगावात खोली कोणाची? काही चाळी गिरण्यांच्या, काही सरकारच्या, बऱ्याचशा कोणा घरमालकाच्या. पण माणसांना जेवायला घालायचं काम गिरणीवाल्यांनी अंगावर घेतलं नाही. ते कामगारांच्याच बायकांनी घेतलं. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या दराने, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या उधारीवर. १९२८ चा संप सहा महिने चालला. एवढा काळ माणसं काय खात होती याचं उत्तर एक तर गावाकडचं भात आणि दुसरं वाण्याच्या आणि खाणावळीच्या वहीतलं नाव.

आजीची ती वही मी पाहिलीय. लाल कापडी बांधणीची. ती शाळेत गेली नव्हती. प्रत्येक माणसापुढे रेघा आणि खाड्याला गोल. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तोवर सगळा व्यवहार सावकाराच्या व्याजावर. आजी काही देवी वगैरे नव्हती. महिन्याच्या शेवटी तिची आमटी इतकी पातळ व्हायची की आजोबा 'आज नदी आली' म्हणायचे. दर वाढवायचा तर पगाराच्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगायची, बाजारात मासळी काय झाली, तांदूळ काय झाला. भांडणं व्हायची. कोणी सोडून शेजारच्या खाणावळीत जायचं. चार दिवसांनी परत यायचं, कारण शेजारची बाई मसाला कमी घालायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे हे ऐकीव. पहिले चार महिने तिने पंचवीसच्या पंचवीस माणसांना उधारीवर घातलं. मग निम्मे गावी गेले. उरलेल्यांना एक वेळ. दिवाळीपर्यंत पाटल्या गेल्या. पुढे काही जणांची मनीऑर्डर आली, बऱ्याच जणांची आली नाही. वहीतल्या त्या पानांवर तिने कधीच काट मारली नाही. मी एकदा विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, "येतो की. तो शिंदा तर दोन भाकऱ्या जास्तीच्या खायचा." :)

संप हरला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उधारीवर संप जिंकता येतो असं मी म्हणत नाहीये. पण आजीला कोणी 'तुझी माणसं संपावर का' म्हणून खोली खाली करायला लावली नाही. हॅरिएटच्या आईला लावली.

तर आज सकाळी मी हिंजवडीच्या त्या फ्लॅट्सवर गेलो. तीन वर्षं मी या खर्चावर सह्या करतोय आणि आज पहिल्यांदा तिथे गेलो, हेही कबूल करतो. एक्सेलमध्ये पोरांची संख्या आहे, व्हेंडरचं बिल आहे, बचत आहे. स्वयंपाक कोण करतं हे कुठल्याच कॉलममध्ये नाही. एचआरला फोन केला तर त्यांनाही माहीत नव्हतं. "व्हेंडर बघतो सर."

एका फ्लॅटच्या किचनमध्ये एक मावशी पोळ्या लाटत होत्या. उस्मानाबादकडच्या. नवरा वॉचमन, मुलगी बारावीला. त्यांना माणशी पैसे मिळतात, व्हेंडरकडून, आणि तो दर तीन वर्षांत बदललेला नाही. राहायला तळमजल्यावरची खोली आहे. कोणाची, विचारलं. व्हेंडरची, म्हणाल्या.

पोरं उठून आली. त्यातल्या एकाला बहुधा मी टाउन हॉलमध्ये दिसलो असेन, तो एकदम ताठ उभा राहिला. मेसचे पूर्ण पैसे कापले तर काय कराल असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. एकमेकांकडे बघितलं त्यांनी. एक जण म्हणाला, मग सर आम्ही पाच-सहा जण मेस बंद करू आणि मॅगी-बिगी, राइस कुकर वगैरे करू. राइस कुकरवर मी काय बोलणार? आमचा कुकर २००६ मध्ये वीस डॉलरचा होता आणि पाच जणांत चार-चार डॉलर आले होते.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरं मेस सोडतील. माणसं कमी झाली की मावशींचे पैसे कमी होणार, कारण त्यांचा हिशोब माणशी आहे. चौदाशे रुपये पोरांच्या खिशातून जाणार असं मी धरून चाललो होतो. ते जाणार होते तळमजल्यावरच्या खोलीतून.

आता समोर तीच एक्सेल उघडी आहे. मी दोन कॉलम वाढवलेत, 'स्वयंपाक करणारी व्यक्ती' आणि 'तिला माणशी दर', आणि व्हेंडरकडून आकडे मागवणारी मेल ड्राफ्टमध्ये ठेवलीय. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये प्रस्ताव नामंजूर, कारणांसकट. फायनान्सवाले म्हणतील, यू आर ओव्हरथिंकिंग धिस. म्हणू देत. अप्रेझल एप्रिलमध्ये आहे, तेही डोक्यात आहेच, नाही असं नाही.

सकाळी निघताना मावशींनी चहा दिला होता. कपाच्या खाली बशी ठेवून, पाहुण्याला देतात तसा. मी चहा संपवेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग पोरं आंघोळीला गेल्यावर हळूच विचारलं, "साहेब, मुलं कमी होणार हायती का?"

मी म्हटलं, सोमवारी सांगतो.